ज्याने बांधली त्याचा शब्द

फर्मचे मालक मिस्टर यिप यांनी टेबलावर नकाशा पसरला तेव्हा नागसेन रामटेकेला आधी काहीच ओळखता आलं नाही. नकाशात इमारत नव्हतीच. जाड काळ्या रेषेत जागेची हद्द तेवढी काढलेली आणि आत कोरा कागद. त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, सिंगापुरात असे कोरे नकाशे रोज कुणा ना कुणा आर्किटेक्टच्या टेबलावर येऊन पडत होते. मग त्याची नजर वरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं हद्दीची रेषा सरळ जायची सोडून टेकडीच्या उताराला चुकवत एकदम आत वळली होती. ते वळण त्यानं स्वतः उन्हात उभं राहून मोजून घेतलं होतं.

"हे पेनागा कोर्ट आहे," तो म्हणाला.

"आता नुसती जागा म्हण," यिप हसले. "एन-ब्लॉक होतंय. सगळे मालक मिळून अख्खी इमारत बिल्डरला विकतायत. ती पाडून टॉवर होणार, आणि टॉवरचं काम आपल्याकडे येतंय. डिझाइन तू कर. तुझ्याइतकी ती जागा कुणाला ठाऊक आहे?"

यिपच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. आपण याला बक्षीस देतोय, असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

नागसेन मूळचा बल्लारपूरचा. वडील कोळशाच्या खाणीत फिटर, त्यामुळे लहानपण खाणीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. तो आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा आई वारली. क्वार्टर वरच्या मजल्यावर आणि जिना असा चिंचोळा, की वळणावर तिला तिरकी, जवळजवळ उभी करून खाली आणावं लागलं. माणसं घामाघूम झाली होती. कुणीतरी म्हणालं, "जरा सांभाळून, बाईचं डोकं लागेल." मेलेल्या आईचं डोकं लागू नये म्हणून लोक धडपडतायत, हे दृश्य त्याच्या मनातून कधीच गेलं नाही. पुढं नागपूरच्या कॉलेजात मास्तर जिन्याचे नियम शिकवत, इतकी रुंदी, इतकी उंची, तेव्हा हा पोरगा वहीत नेहमी दीडपट रुंदीचा जिना काढायचा आणि मार्क घालवून घ्यायचा.

१९९१ साली तो सिंगापूरला यिपच्या फर्ममध्ये आला. त्याची डिग्री इथं नोंदणीसाठी चालत नसे. त्यामुळे सही यिपची, नाव यिपचं, आणि नकाशाच्या खालच्या चौकटीत काढणाऱ्याची म्हणून नागसेनची दोन इंग्रजी अक्षरं. त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. तरुण होता, कामाचा भुकेला होता. बुकित तिमाहच्या उतारावर एक छोटं कॉन्डो, म्हणजे फ्लॅटचं संकुल, बांधायचं काम आलं तेव्हा यिपचा सगळा जीव मोठ्या हॉटेलच्या कामात अडकला होता. "तू बघून घे," एवढंच ते म्हणाले, आणि नागसेनला आयुष्यात पहिल्यांदा एक इमारत मिळाली.

त्यानं पाच मजल्यांचे तीन ब्लॉक उताराच्या अंगानं वळवत नेले. घरांसमोरून रुंद, उघड्या गॅलऱ्या काढल्या, म्हणजे टेकडीवरचा वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत जाईल. लिफ्ट होतीच, पण जिना त्यानं असा केला की प्रत्येक वळणावर एक छोटी खोली मावावी. बिल्डर चिडला. इतकी जागा विकता आली असती, म्हणाला. नागसेन त्याच्याशी हुज्जत घालत राहिला, शेवटी यिपच कंटाळले आणि म्हणाले, राहू दे. इमारत पुरी झाली त्याच वर्षी मुलीचा, प्रणिताचा जन्म झाला. बायको अंजली बाळंतपणाहून परतली तेव्हा त्यानं तिला विमानतळावरून आधी पेनागा कोर्टवर नेलं आणि मग घरी.

मग १९९८ची मंदी आली. फर्मनं माणसं काढली, त्यात तोही गेला. तिघं नागपूरला परतली. नागसेननं धरमपेठेत ऑफिस थाटलं. गिऱ्हाईक यायचं, सिंगापूरचे फोटो बघून खूश व्हायचं, मग चहा पिता पिता पूर्ण नाव विचारायचं, आणि "घरच्यांशी बोलून सांगतो" म्हणून जायचं ते कायमचं. एकानं तर सांगितलं, नकाशे तुम्हीच काढा, पण वास्तुशांतीच्या पत्रिकेवर नाव दुसऱ्याचं टाकू, घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत. अंजलीनं शिकवण्या घेऊन घर चालवलं. २००४ साली यिपचा फोन आला, "काम वाढलंय, येतोस?" त्या फोननंतर नागसेन बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला होता.

आणि आता हा कोरा कागद.

रविवारी घरी काहीच न सांगता तो बुकित तिमाहला गेला. पेनागा कोर्टच्या गेटवरच्या वॉचमनला म्हणाला, प्रबोधकडे जायचंय. ते खोटं नव्हतं. प्रबोध गुर्जर हा पुण्याचा, एका बँकेत आयटी मॅनेजर. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत दोघांची ओळख झालेली. त्याचं तिथं घर होतं आणि विक्री समितीचा सेक्रेटरीही तोच होता, हे नागसेनला यिपकडून कळलं होतं. पण त्याच्या घराकडे न जाता नागसेन सरळ जिन्यानं चढू लागला.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाई वेताच्या खुर्चीत बसून पालक निवडत होत्या. सत्तरी उलटलेली, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले. शेजारी कुंड्यांची रांग.

"कुणाकडे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून लगेच मराठीत, "मराठी आहात का?"

"हो. नागसेन रामटेके."

"रामटेके म्हणजे नागपूरकडचे." नाव सांगितल्यावर येणारा तो नेहमीचा थांबा येईल म्हणून नागसेन वाट बघत राहिला, पण आला नाही. "मी सरोजिनी नाडकर्णी. बसा. इथं बसलं की वारा लागतो, म्हणून मी सगळी कामं इथंच करते. मॅनेजमेंटवाले रागावतात. खुर्ची उचला म्हणतात. मी नाही उचलत."

त्याला राहवलं नाही. "हा जिना मी काढलाय, काकू. ही इमारत माझी आहे. म्हणजे, मी डिझाइन केलेली."

त्यांच्या हातातली पालकाची काडी तशीच राहिली. मग त्यांनी ती परातीत ठेवली आणि पदराला हात पुसले.

"तू होय तो," त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांनाही कळलं नसावं. "आमचे हे गेले ना, निशिकांत, तेव्हा स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. अँब्युलन्सचा पोरगा म्हणाला, जिन्यानं नेऊ. मला भीती, आता कसे नेतील. पण अगदी आडवे, शांतपणे नेले, कुठं धक्का नाही. मी मागून चालत होते, त्यांचा हात धरून. तेव्हा मनात आलं होतं, ज्या कुणी हा जिना बांधलाय त्याचं भलं होवो."

इतक्या वर्षांत कुणीही नागसेनला त्याच्या कामाबद्दल असं काही म्हणालं नव्हतं.

मग काकूंनी सगळं सांगितलं. कायद्यानं ऐंशी टक्के मालकांचा होकार मिळाला की उरलेल्यांनाही घर सोडावं लागतं. समितीला अजून थोडेसे होकार कमी पडत होते. खालच्या मजल्यांवरची म्हातारी मंडळी अडून बसली होती, आणि ती सगळी काकूंच्या तोंडाकडे बघून होती. समिती म्हणते, इमारत आतून सडलीय, स्लॅब गळतात, दुरुस्तीत सगळ्यांचं दिवाळं निघेल.

"चल, दाखवते," त्या म्हणाल्या.

दोघांनी गॅलरीतून फेरी मारली. नागसेन भिंतींवर बोटांच्या पेरांनी टकटक करत, कान लावत चालला. दोन ठिकाणी प्लॅस्टर सुटलेलं होतं, एका पन्हळीत पानं साचून पाणी मुरलं होतं. बाकी इमारत ठणठणीत होती.

"वर्षानुवर्षं काही होणार नाही हिला," तो म्हणाला.

"मग हे मीटिंगमध्ये येऊन सांग. दोन आठवड्यांनी मीटिंग आहे. ज्यानं बांधली त्याचा शब्द आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? येशील?"

"येईन," तो म्हणाला, आणि म्हणाला त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपण फार मोठं बोलून गेलो.

पेनागा कोर्टवर कुठलीही गोष्ट लपत नसे. मंगळवारी यिपनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"तू मीटिंगला येतोयस असं ऐकलं. छान. मीही तेच सुचवणार होतो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समितीला कुणीतरी तांत्रिक माणूस हवाय. तू बोल. मूळ डिझायनर म्हणून. सांग की बांधकाम जुनं झालंय, उघड्या गॅलऱ्यांत पाऊस येतो, देखभाल वाढत जाणार. खोटं काहीच नाही त्यात."

"खरंही नाही, मिस्टर यिप. इमारत चांगली आहे."

"चांगली आहे हे मला माहीत नाही का? सही माझी आहे तिच्यावर." यिपनी चष्मा उचलून रुमालानं पुसला. "हे बघ, मी काही धमकावत नाहीये. पण हा टॉवर आला तरच मला माणसं ठेवता येतील. तुझा कामाचा पास रिन्यू व्हायचाय. तू पीआरचा, इथं कायम राहायचा अर्ज केलायस. ज्या माणसानं फर्मचं काम घालवलं त्याच्या पाठीशी मी काय म्हणून उभं राहायचं, तूच सांग."

संध्याकाळी घरी नागसेन जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला. प्रणिता हेडफोन लावून अभ्यास करत होती. बारा वर्षांची पोर, नागपूरची आठवण तिला फक्त उन्हाळ्याची आणि आजारपणाची. अंजलीनं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं.

"काय विचार करून राहिले?"

त्यानं सगळं सांगितलं. अंजली उभ्यानंच ऐकत होती.

"तूच सांग, काय करू?"

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "बोला म्हटलं आणि परत जावं लागलं, तर तुम्ही मला बोल लावणार नाही, पण ही पोरगी लावेल. नका बोलू म्हटलं, तर तुम्ही जन्मभर माझ्याकडे नीट पाहणार नाही. मागच्या वेळी नागपूरला शेजारणी विचारायच्या, साहेबांचं काम कसं चाललंय, आणि मी म्हणायची, फुरसत नाही त्यांना. रोज म्हणायची. मला पुन्हा ते जमेल की नाही, मला माहीत नाही. एवढंच मी सांगते. बाकी माझ्यावर टाकू नका."

प्रणितानं हेडफोन काढला. "पापा, आर वी गोइंग बॅक? माय स्कूल हाऊ?"

"कुठं नाही जात," नागसेन म्हणाला. "तू अभ्यास कर."

दोन आठवडे तो झोपला असेल नसेल. ऑफिसात टॉवरचे मजले एकावर एक चढवत होता. हात काम करत होते. मधेच मनात यायचं, मीटिंगला आजारी पडावं. मग वाटायचं, काकूंना फोन करून सांगावं, मला जमणार नाही, माझ्यावर विसंबू नका. फोन उचलायचा आणि ठेवून द्यायचा. एकदा नंबर लावलाही. "काय रे, बरा आहेस ना?" काकू म्हणाल्या, आणि तो म्हणाला, "हो, सहज केला."

मीटिंग शनिवारी दुपारी स्विमिंग पूलशेजारच्या हॉलमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे टेबलावर करी पफचे खोके, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. प्रबोधनं दारातच त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"बरं झालं बाबा आलास. अरे, मी काही राक्षस नाही. दोन पोरं आहेत, दोन बेडरूम आहेत. अशी संधी पुन्हा येणार नाही. तू फक्त लोकांच्या मनातली धाकधूक काढ."

पुढच्या रांगेत सरोजिनीकाकू बसल्या होत्या. ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. त्यांच्यामागे खालच्या मजल्यांवरची म्हातारी मंडळी, दोन चिनी जोडपी, एक निवृत्त मलय मास्तर, एक काठी टेकत आलेले शीख गृहस्थ. काकूंनी मागं वळून त्यांना काहीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी नागसेनकडे आशेनं पाहिलं.

प्रबोधनं ओलीच्या डागांचे, सुटलेल्या प्लॅस्टरचे फोटो दाखवले. मग म्हणाला, "आता या इमारतीचे मूळ डिझायनर बोलतील."

नागसेन उभा राहिला. यिप मागच्या भिंतीला टेकून उभे होते. तो इंग्रजीत बोलू लागला. गॅलऱ्या उघड्या आहेत, त्यामुळे पावसाचा मारा जास्त. देखभालीचा बोजा वर्षागणिक वाढतो. त्या काळच्या आणि आजच्या पद्धतींत फरक आहे. एकेक वाक्य तो जपून टाकत होता, एकही सरळ खोटं नव्हतं, आणि प्रत्येक वाक्यासरशी हॉलमध्ये माना डोलत होत्या. आपलाच आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता.

काकू उठल्या. इतक्या लोकांत त्यांनी त्याला मराठीतच विचारलं.

"नागसेन, मला इंग्रजी कळतं. पण तू मला आपल्या भाषेत सांग. ही इमारत वाईट आहे का रे?"

प्रबोध सोडून कुणाला प्रश्न कळला नव्हता, पण सगळे उत्तराची वाट बघत होते. नागसेनच्या जिभेवर 'नाही' होतं. ते एवढंसं दोन अक्षरी उत्तर त्यानं तोंडात धरून ठेवलं, आणि त्याला प्रणिताचा टेबलावर वाकलेला चेहरा दिसला.

"काकू," तो म्हणाला, "तिचे दिवस भरले."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या.

पुढच्या काही दिवसांत होकार पुरे झाले. अपेक्षेहून जास्तच आले. यिपनी सगळ्या ऑफिसला केक आणला. नागसेनचा पास रिन्यू झाला. पीआरचा अर्ज मात्र नामंजूर होऊन आला, कारण कुणी सांगत नसतं.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पाडकाम सुरू झालं तेव्हा फर्मच्या वतीनं पाहणीला त्यालाच पाठवलं. पिवळ्या यंत्रांनी गॅलऱ्या दोन दिवसांत उतरवल्या. जिने काही केल्या तुटेनात. यंत्राचा जबडा आदळायचा, धुरळा उडायचा आणि जिना तसाच. कंत्राटदाराचा माणूस हेल्मेट मागे सारत त्याच्याजवळ आला.

"वा, बॉस, सो स्ट्राँग लाह! हू बिल्ड दिस वन?"

नागसेननं खांदे उडवले. मग तो कुंपणाच्या पत्र्यामागे गेला आणि तिथं त्याला उलटी झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि त्या धक्क्यात सिंगापूरची बांधकामं जागच्या जागी थांबली. बिल्डरनं टॉवर पुढं ढकलला. काही महिन्यांनी 'पुढं' हा शब्दही कुणी काढेना. पेनागा कोर्टच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि आत गवत. ज्या टॉवरसाठी सगळं केलं त्याची एक वीटही चढली नाही. २००९च्या जानेवारीत, चिनी नववर्षाच्या तोंडावर, यिपनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी चष्मा काढला नाही.

"सॉरी, नागसेन," ते म्हणाले. "मी स्वतः पगार घेत नाहीये."

त्याला ते खरं वाटलं. त्यामुळे रागावताही येईना.

पास रद्द झाला की देश सोडायला थोडेच दिवस मिळतात. अंजलीनं काही न बोलता माळ्यावरून बॅगा काढल्या. प्रणितानं आपल्या पुस्तकांना हात लावू दिला नाही, दार लावून घेतलं. नागसेन सकाळी कपडे करून बाहेर पडायचा, ओळखीच्या प्रत्येक फर्ममध्ये जायचा. तिथली माणसंही खोक्यांत आपापलं सामान भरत असायची. एके दुपारी एमआरटीच्या गाडीत बसला असताना त्याला वाटलं, हे सगळं आपल्या वाट्याला आलं ते रास्तच आहे. आणि तो घरी न जाता लाल लाइननं सरळ सेम्बावांगला गेला.

सरोजिनीकाकू सेम्बावांगला राहतात हे त्याला मंडळात कळलं होतं. निशिकांत नाडकर्णी तिथल्या गोदीत इंजिनिअर होते, लग्न होऊन त्या पहिल्यांदा तिथंच आल्या होत्या. घरं विकून सगळेच एकदम नवी घरं शोधायला निघाल्यामुळे भाव इतके चढले, की बुकित तिमाहला त्यांना परत काही परवडलं नाही.

फ्लॅटला बाहेरून लोखंडी जाळीचं दार होतं. काकू आल्या. बऱ्याच वाळल्या होत्या. त्यांनी जाळी उघडली नाही.

"ये," त्या म्हणाल्या, पण हात कुलपाकडे गेला नाही.

तो बाहेर कॉरिडॉरमध्येच उभा राहून बोलला. नोकरी गेल्याचं सांगितलं, टॉवर झाला नाही हे सांगितलं. मग म्हणाला, "काकू, मी त्या दिवशी खोटं बोललो. इमारत चांगली होती. पाडताना जिने तुटत नव्हते. तुम्ही लढत होतात आणि मी तुम्हाला तोंडघशी पाडलं."

काकूंनी जाळीला धरलं.

"मी लढत नव्हते," त्या हळू म्हणाल्या. "तुला माहीत नाही? मी सही केली. मीटिंग संपल्यावर, तिथंच. मी केली म्हणून त्या सगळ्यांनी केली. ज्यानं बांधली तोच म्हणतो दिवस भरले, मग मी कोण? मनाला समजावलं, सरोजिनी, तू उगाच जीव लावून बसलीस, घर खरंच जुनं झालं होतं, कधी ना कधी जाणारच होतं. रोज तेच समजावत इथं दिवस काढतेय. खालचे सरदारजी जागा बदलल्यावर तीन महिन्यांत गेले, तेव्हासुद्धा हेच म्हटलं." त्यांचा श्वास चढला. "आणि आता तू येऊन सांगतोस की चांगलं होतं. हे मला आता कशाला सांगितलंस रे?"

इथं येताना नागसेनला वाटलं होतं, काकू रागावतील, शिव्या देतील, कदाचित रडतील, आणि आपण सगळं ऐकून घेऊ. आपण त्यांच्याकडून काही घ्यायला आलो होतो, हे त्याला आता कळलं. आणि जे देऊन बसलो ते परत घेता येणार नव्हतं.

"तुझं ओझं उतरलं असेल," काकू म्हणाल्या. "जा आता."

आतलं लाकडी दार लागलं.

त्याचं ओझं काही उतरलं नाही. पण त्याच आठवड्यात, सामान निम्मंअधिक बांधून झालं असताना, अंजलीच्या ओळखीच्या उज्ज्वल नावाच्या इंजिनिअरचा फोन आला. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात अंजलीनं त्याच्या आईला कधीतरी मदत केली होती. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटला ड्राफ्ट्समन हवा होता, पाइपांच्या आधाराच्या लोखंडी सांगाड्यांची ड्रॉइंग काढायला. "सर, तुमच्या मानानं काम फार लहान आहे, विचारायला संकोच वाटतो," उज्ज्वल म्हणाला. नागसेननं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

नवा पास झाला. अंजलीनं बॅगा परत माळ्यावर टाकल्या, पण एक बॅग खाली पलंगाशीच ठेवली. नागसेन रोज पहाटे कंपनीच्या बसनं, गळ्यात कार्ड अडकवून, समुद्रावरचा पूल ओलांडून जाऊ लागला. ज्या कामात कुणी राहत नाही, कुणी चढत-उतरत नाही, असं काम त्याला बरं वाटायचं.

रविवारी मात्र तो सेम्बावांगला जायचा. अंजली विचारायची नाही. काकू लाकडी दार उघडत, जाळी नाही. कधी दोन शब्द बोलत, पाऊस किती पडला, मार्केटात मेथी आलीय. कधी नुसतं बघून दार लावत. एकदा तो म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणाल तर येत नाही." त्या म्हणाल्या, "मी काहीच म्हणत नाही."

पावसाळी दिवसांत एकदा काकूंनी जाळी उघडली. आत दोन ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. त्यांची मुलगी सुनेत्रा पर्थला असते, ती त्यांना कायमची घेऊन चालली होती.

"या खाली नेऊन दे," काकू म्हणाल्या. "सुनेत्राची पाठ दुखते."

त्यानं ट्रंका लिफ्टनं खाली नेल्या, टॅक्सीच्या डिकीत ठेवल्या. काकू सावकाश आल्या. मागच्या सीटवर बसल्या, साडी आत ओढून घेतली, आणि काच खाली केली.

"तू वाईट माणूस नाहीस, नागसेन," त्या म्हणाल्या. "मी पुष्कळ प्रयत्न केला तुला वाईट समजायचा. नाही समजता आलं. पण मला तुला माफही करता येत नाही. माझ्याच्यानं होत नाही. तू हे धरून बसू नकोस आणि माझी वाटही बघू नकोस."

"बरं, काकू," तो म्हणाला.

टॅक्सी वळणावर गेली. नागसेन बराच वेळ तिथं उभा होता. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चिनी म्हातारे पट मांडून बसले होते, त्यातल्या एकानं त्याला हातानं 'बस' म्हणून खूण केली. तो बसला. त्याला तो खेळ येत नव्हता. सोंगट्या हलत होत्या त्या बघत राहिला. मग अंजलीचा फोन आला, जेवायला येताय का, आणि तो उठून स्टेशनाकडे चालू लागला.